जुनी १८ फुटी फायबरची होडी घ्यावी का, आणि हलणारी मागची फळी घरी दुरुस्त होते का?

तुम्ही विचारलंय: देवगडच्या खाडीत गळ-जाळ्यासाठी १८ फुटी जुनी फायबरची होडी मिळतेय, तळाला बोटभर भेग आहे आणि इंजिन लावलं की मागची फळी थोडी हलते, घ्यावी का, आणि दुरुस्ती स्वतः करता येईल का?

भेगेची काळजी करू नका, सुकवायचा वेळ सोडला तर ती दोन दिवसांचं काम आहे. व्यवहार ठरायचा तो हलणाऱ्या फळीवर. फायबर स्वतः कुजत नाही, त्याच्या पोटातलं लाकूड कुजतं. मागच्या फळीत दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवुड असतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं आणि पाणी काढायच्या बुचाचं भोक इथून पाणी आत शिरतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. बाहेरून नवा रंग मारला की काही दिसत नाही. म्हणून ताजी रंगवलेली होडी दिसली की मी आधी सावध होतो.

बघायला जाताना दहा रुपयांचं नाणं, टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. होडी पाण्यात असेल तर वर ओढायला लावा. आधी फळी नाण्यानं वाजवा, चार-चार बोटांच्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत. लाकूड सुकं असेल तिथं टणक, कोरडा आवाज येतो. कुजलेलं असेल किंवा थर सुटला असेल तिथं आवाज बद्द होतो, भिजल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. मग इंजिन लावून त्याच्या खालच्या पायाला धरून पुढे-मागे हलवा आणि फळी जिथं बाजूच्या भिंतींना मिळते त्या दोन कोपऱ्यांवर नजर ठेवा. तिथं केसासारख्या भेगा उघडझाप करत असतील तर आतलं प्लायवुड गेलं असं धरून चाला. मालक तयार असेल तर आतल्या बाजूनं, बुचाच्या वर दोन इंचांवर ६ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलला पिवळसर कोरडा भुसा आला तर ठीक. काळा, ओला, आंबूस वासाचा चोथा आला तर फळी बदलावीच लागेल. (भोक नंतर पुटीनं बुजवून द्यायचं, हे आधीच कबूल करा.)

तळाच्या आतल्या लांब पट्ट्यांमध्येही बऱ्याचदा लाकूड असतं. त्याही वाजवा. फळी आणि पट्ट्या दोन्ही गेल्या असतील तर होडी सोडा. नुसती फळी गेली असेल आणि किंमत तेवढी उतरत असेल तर घ्यायला हरकत नाही. खाली बंद पाटा (ज्यावर उभं राहतो तो) असेल आणि त्यात फोम भरलेला असेल तर तो पाणी प्यालाय का हेही पाहा. होडी ओढताना तिच्या आकाराच्या मानानं फारच जड लागली, तर पाणी कुठंतरी आत आहे.

वरच्या रंगीत थरावर, म्हणजे जेलकोटवर, कोळी किड्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतील. एका बिंदूतून फुटलेल्या असतील तर तिथं मार बसलाय. आतल्या बाजूला त्याच जागी फायबर पांढरं पडलं असेल तर धागे तुटलेत. समांतर रेघा असतील तर तो भाग लवतोय आणि त्याला आतून आधार हवा. कीलची, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याची, धार वाळूवर ओढून झिजलेली असतेच, पण काचेचे धागे उघडे पडले असतील तर ३-४ थरांचं काम धरा.

कागद विसरू नका. नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालचा परवाना, आणि होडीवर रंगवलेला नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. कर्जाचा बोजा आहे का ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि मालकाच्या मच्छीमार सोसायटीत विचारा. नाव बदलायला काय लागेल ते पैसे देण्याआधी समजून घ्या.

आता दुरुस्ती. पहिली गोष्ट वेळ. पावसाळ्यात काम काढू नका. दमट हवेत काचेच्या धाग्यांची मॅट ओलावा धरते, थर दुधाळ होतो आणि चिकटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर करा. आधी होडी गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, कारण मीठ ओलावा ओढतं, आणि सावलीत, वारा लागेल अशी तीन-चार आठवडे ठेवा. हे तीन-चार आठवडे बहुतेक लोक वाचवतात, आणि पॅच सुटतो तो तिथंच.

सामान: पॉलिएस्टर रेझिन (मॅट भिजवायचं चिकट द्रव) कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आधीच घातलेलं मागा, आयसो जातीचं मिळालं तर साध्यापेक्षा बरं, कारण पाण्यात जास्त टिकतं. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव), चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट, ॲसिटोन, खाचांचा रोलर, स्वस्त ब्रश आणि ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. कोबाल्ट वेगळं दिलं तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचं नाही. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. हार्डनर डोळ्यात उडाला तर लगेच १५ मिनिटं पाण्यानं धुऊन डॉक्टरकडे. घासताना चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

हार्डनरचं प्रमाण रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. १०० ग्रॅमला दीड ग्रॅम नेहमीचं, उन्हाळ्यात एकावर या. एकच्या खाली जाऊ नका, मग ते आतून कच्चंच राहतं. एका वेळी ३००-४०० ग्रॅमच कालवा. ३० अंशांच्या हवेत पंधरा-वीस मिनिटं हातात असतात. डब्यात जास्त ठेवलं की स्वतःच तापून धुरायला लागतं.

भेग आतून दुरुस्त करा. जागा मोकळी असेल तर वरून खाली काम होतं आणि रेझिन ओघळत नाही. तुमची भेग पाच सेंटिमीटर आणि कवच पाच मिलिमीटर असेल असं धरूया. भेगेभोवतीचा मऊ भाग कापून ६ × ३ सेंटिमीटरचं लांबट भोक करा. मग ग्राइंडरला ३६ नंबरची डिस्क लावून आतून कडा उतरत्या घासा, जाडीच्या बारापट, म्हणजे चारी बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर. छोट्या भेगेसाठी १८ × १५ सेंटिमीटर घासायचं हे बघून हात थांबतो, पण पॅच धरतो तो या उतारावरच. भोकाच्या काठाची पाच मिलिमीटरची जाडी त्याला धरायला पुरत नाही.

बाहेरून भोकावर सनमायकाचा तुकडा, गुळगुळीत बाजूला मेण पॉलिशचे दोन हात देऊन, टेपनं घट्ट लावा. आतून आधी जेलकोटचा पातळ थर. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकला की पहिली मॅट. सगळ्यात मोठी मॅट आधी, मग एकेक लहान. प्रत्येक थर ब्रशनं ठोकून भिजवा, ब्रश ओढू नका, नाहीतर धागे ब्रशबरोबर निघून येतात. मग रोलरनं हवा काढा. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथं हवा आहे. ४५० ग्रॅमची मॅट सुमारे एक मिलिमीटर जाडी देते, म्हणून पाच थर, आणि वर ३० × ३० चे दोन. सगळं मिळून मॅट सव्वाशे ग्रॅम आणि रेझिन तिच्या सव्वादोनपट, म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम. वाया जाणारं धरून अर्धा किलो घ्या. एका दमात तीनपेक्षा जास्त थर नकोत. बाकीचे पहिले थंड झाल्यावर.

जुन्या मालकानं कुठं इपॉक्सी पुटी थापली असेल तर ती सगळी घासून काढा. पॉलिएस्टर रेझिन इपॉक्सीवर नीट धरत नाही.

फळीसाठी बाहेरचं कवच तसंच ठेवा, होडीचा आकार त्यातच आहे. आतलं कवच काठापासून दोन बोटं सोडून कापा, कुजकं लाकूड छिन्नीनं खरवडून उघड्या फायबरपर्यंत या आणि ते पुन्हा सुकू द्या. नवीन प्लाय आय.एस. ७१० शिक्क्याचं मरीन, १८ मिलिमीटरचे दोन थर. साधं वॉटरप्रूफ प्लाय घालू नका. ४ × दीड फुटाच्या फळीला ८ × ४ ची अर्धी शीट पुरते. आधी सगळ्या कडांना पातळ रेझिन पाजा. बाहेरचं कवच आणि प्लाय यांच्यामध्ये एक भिजलेली मॅट, दोन प्लायच्या मध्ये दुसरी. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून लांब बोल्ट आणि दोन्हीकडे लाकडाच्या पट्ट्या घालून आवळा, कडेनं रेझिन बाहेर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांत रेझिन, एरोसिल (रेझिन घट्टसर करणारी पांढरी पूड) आणि तोडलेल्या काचेच्या धाग्यांची पुटी बोटानं गोलसर भरा. काटकोनात मॅट बसत नाही, आत पोकळी राहते. वर तीन थर, बाजूच्या भिंतींवर १५ सेंटिमीटर चढवून. एकूण मॅट दोन किलोच्या आत, रेझिन सहा किलो.

इंजिनाची भोकं थेट बोल्टच्या मापाची पाडू नका. २० मिलिमीटरची पाडा, पुटीनं भरा, आणि घट्ट झाल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचं भोक घ्या. मग पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बुचाच्या भोकालाही हेच करा. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, सीलंट पॉलियुरेथेनचं. सिलिकॉन लावलं की पुढं त्यावर रंग किंवा रेझिन काहीच धरत नाही.

शेवटच्या थरासाठी मेण घातलेला जेलकोट वापरा, नाहीतर हवेला उघडा राहिलेला भाग चिकटच राहतो. आठवडाभर सुकू द्या. मग होडी तीन-चार ठिकाणी पक्क्या टेकूवर ठेवून आत चार बोटं पाणी भरा आणि तासाभरानं खालून कोरड्या हातानं भेगेची जागा, कील आणि बुचाभोवती चाचपा. थेंब लागला तर खडूनं खूण करा. घासायला लागाल ते पाणी काढून, पुन्हा सुकवल्यावरच.