चिठ्ठीवर न आलेली ओळ

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. मी इंदूरमधील एका खाजगी रुग्णालयात गेली चौदा वर्षे परिचारिका आहे. पुण्यातील एका रुग्णालयाने मला वरच्या पदावर बोलावले असून पगारही बराच वाढणार आहे. माझ्या पतींना तेथे काम मिळू शकेल. मुलगी यंदा नववीत आहे. वडील पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले असून परदेशीपुऱ्यात माझ्या भावाकडे असतात. घराच्या वाटणीवरून भावाशी दोन वर्षे बोलणे नाही. तो कामावर गेला की मी वडिलांना भेटून येते. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला वचनाची जी चिठ्ठी मिळाली तिच्यावर पवित्र शास्त्रातील स्तोत्र 32 मधील आठवे वचन होते. ज्या मार्गाने जायचे तो मी तुला शिकवीन, असे देव त्यात म्हणतो. तेव्हापासून मी रोज पहाटे प्रार्थना करते आहे, परंतु कोणतीच खूण मिळालेली नाही आणि पूर्वी उपासनेत जो आनंद वाटत असे तोही हरवला आहे. देवाची इच्छा कशी ओळखावी?
— एक भगिनी, इंदूर

उत्तर : भगिनी, सलाम. आधी एक कबुली देते. आमच्या मंडळीत वर्षअखेरीच्या रात्रीसाठी वचनांच्या चिठ्ठ्या तयार करण्याचे काम वीसेक वर्षे माझ्याकडे होते. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापायच्या, कोऱ्या बाजूवर निळ्या शाईने वचन लिहायचे, पट्टीची सुरळी करून तिला दोरा गुंडाळायचा आणि सगळ्या सुरळ्या स्टीलच्या ताटात घालून वेदीपाशी ठेवायच्या, असा तो उद्योग असे. बारा वाजून गेल्यावर चहा आणि उरलेल्या करंज्या यांच्या गडबडीत लोक त्या चिठ्ठ्या उघडत आणि एकमेकांना वाचून दाखवत. स्तोत्र 32 चे आठवे वचन मी कितीतरी वेळा लिहिले असेल, कारण ते गोड आहे आणि पट्टीवर बरोबर मावते. नववे वचन मात्र मी एकदाही लिहिले नाही. त्या ओळीत स्तोत्रकर्ता दावीद घोडा आणि खेचर यांची गोष्ट काढतो आणि सांगतो की त्यांना समज नसते, लगाम घातल्याशिवाय ती जवळ येत नाहीत, तुम्ही तसे होऊ नका. नव्या वर्षाच्या पहिल्या घटकेला असली ओळ कोणाच्या हाती देणार?

परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला या वगळलेल्या ओळीत दिसते. खूण मागणे म्हणजे एका परीने लगाम मागणे आहे. कोणीतरी दोरी ओढावी आणि आपण त्या बाजूला वळावे, म्हणजे विचार करण्याचा भार आपल्यावर राहत नाही. आठव्या वचनात देव वेगळ्या रीतीने वाट दाखवतो. तो स्वतःची दृष्टी आपल्यावर ठेवून सल्ला देतो. माझ्या लहानपणी रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी पाहुणे आले की पोहे आणि जिलेबी यायची, आणि तिसऱ्या जिलेबीकडे माझा हात गेला की आई पाहुण्यांशी बोलता बोलताच माझ्याकडे एकदा पाही. ती एक शब्दही बोलत नसे, पाहुण्यांना काही कळत नसे, आणि मला सगळे कळत असे. मात्र ती नजर कळण्यासाठी मी तिच्या तोंडाकडे पाहिलेले असावे लागे. ताटाकडे पाहत राहिले तर तिने कितीही डोळे वटारले तरी त्याचा उपयोग नव्हता.

आता कृपा करून हे अकरा वचनांचे स्तोत्र पहिल्यापासून वाचा, कारण चिठ्ठीने तुम्हाला त्याच्या मधला एक तुकडाच दिला आहे. स्तोत्राची सुरुवात मार्गदर्शनाने होत नाही, क्षमेने होते. ज्याच्या अपराधाची क्षमा झाली तो धन्य, असे पहिले वचन म्हणते. त्यापुढे दावीद सांगतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे झिजली आणि उन्हाळ्यात ओल आटावी तसा मी आटून गेलो. माळव्यातला वैशाख पाहिलेल्या माणसाला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पाचव्या वचनात तो आपले पाप कबूल करतो, त्यानंतर आश्रयाची आणि मार्गदर्शनाची गोष्ट येते आणि आनंद करण्याची हाक येते ती अगदी शेवटच्या, अकराव्या वचनात. तुम्ही ज्या दोन गोष्टी हरवल्या म्हणता, त्या दोन्ही या स्तोत्रात आहेत. मात्र त्यांच्या अलीकडे दावीदाचे ते गप्प राहणे आणि ते मोडणेही आहे.

म्हणूनच तुमच्या पत्रातील जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले, त्यापाशी मी अडखळले. भाऊ कामावर गेला की तुम्ही वडिलांना भेटून येता. वाटणीच्या हिशेबात कोण बरोबर आहे हे मला ठाऊक नाही आणि तो न्याय करण्याचा मला अधिकारही नाही. तुमचा हक्क असेल तर तो सोडून द्या असेही मी म्हणणार नाही. क्षमा करणे आणि हक्कसोडपत्रावर सही करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बहिणींना पहिलीच्या नावाखाली दुसरी करायला लावण्याची सवय फार जुनी आहे. पण डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने एक क्रम घालून दिला आहे : वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन ते अर्पावे. तुमची पहाटेची प्रार्थना हे तुमचे अर्पण आहे. ती थांबवू नका, पण एका संध्याकाळी भाऊ घरी असताना परदेशीपुऱ्यात जा.

हा सल्ला मी केवळ धार्मिक म्हणून देत नाही. वडिलांची देखभाल पुढे कोण आणि कशी करणार, रात्री त्यांना कूस कोण बदलवणार, औषधपाण्याचा खर्च कसा वाटून घ्यायचा, तुम्ही पुण्याला गेलात तर भाऊ आणि भावजय यांना हा भार पेलेल का, या गोष्टी भावाशी बोलल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाहीत. ज्या प्रश्नाचे उत्तर देवाने पहाटे द्यावे असे तुम्हाला वाटते, त्याचा निम्मा भाग दोन वर्षे तुमच्या भावापाशी पडून आहे. बोलणे फिसकटले तरी निदान तेवढे तरी कळेल.

त्यानंतर उरते ती साधी कामे. पतींचे मत खरोखर काय आहे ते विचारा, कारण पत्रात त्यांची नोकरी आहे, त्यांची इच्छा मात्र कोठेच नाही. मुलीची दहावी मध्येच शाळा बदलून करायची की एक वर्ष थांबायचे, याचा विचार करा. पुण्याच्या त्या रुग्णालयात काम केलेली एखादी परिचारिका गाठा, तुमच्या पाळकांशी बोला आणि उत्तर कळवण्याची तारीख लिहून ठेवा. पवित्र शास्त्राच्या विरुद्ध जाणारे या दोन मार्गांत काहीही नाही. इंदूरला राहूनही देवाची सेवा होते आणि पुण्याला जाऊनही होते, आणि अशा ठिकाणी देव आपल्या लेकरांना निवड करू देतो असे माझे प्रामाणिक मत आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 16 मध्ये प्रेषित पौलाला आशिया प्रांतात वचन सांगण्यास पवित्र आत्मा मनाई करतो, बिथुनियाची वाटही बंद होते, मग त्रोवस येथे रात्री मासेदोनियाचा एक माणूस त्याला दृष्टान्तात दिसतो. एवढा स्पष्ट दृष्टान्त झाल्यावरही दहाव्या वचनात सोबत्यांनी मिळून निष्कर्ष काढल्याचे लिहिले आहे, आणि तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोष्टी एकत्र जुळवणे असा आहे. म्हणजे पौलालाही विचार करण्यापासून सुटका नव्हती. बरे, मासेदोनियातील फिलिप्पैला पोहोचल्यावर नदीकाठी त्यांना भेटल्या त्या स्त्रिया. दृष्टान्तातला तो पुरुष त्या प्रसंगी कोठेच दिसत नाही. योग्य मार्गावर असूनही त्यांना पुढे फटके बसले आणि पाय खोड्यात अडकले, तेव्हा निर्णयानंतर अडचणी आल्या तर आपण देवाची इच्छा चुकलो असे समजून घाबरू नका.

आनंदाविषयी एवढेच सांगते की त्याला वेळ लागू शकतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, पण पुढे दिलेल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो त्यांना सुमारे आठ वर्षांनंतर भेटला. एवढी विद्वान स्त्री ही गोष्ट कबूल करते हे वाचून मला माझ्या कोरड्या वर्षांत फार धीर आला होता.

प्रश्न : आई गेली त्याला पाच महिने झाले. मंडळीतील काही जण मला 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वचन सांगतात आणि विश्वास असता तर इतका उदास राहिला नसतास, असे सुचवतात. मला आनंद होत नाही. माझा विश्वास खरोखर कमी आहे का?
— एक तरुण वाचक, महू

उत्तर : नाही. ते वचन सांगणाऱ्यांना तुम्ही त्याच पत्राचा दुसरा अध्याय वाचून दाखवा. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या ज्या पत्रात पौल कैदेत असूनही पुन्हा पुन्हा आनंद करायला सांगतो, त्याच पत्रात तो आपला सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता हे सांगतो आणि मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून देवाने त्याच्यावर व माझ्यावरही दया केली असे लिहितो. एपफ्रदीत गेला असता तर पौल रडला असता, हे तो स्वतःच सांगतो आहे. मरण पावलेल्या लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार हे ठाऊक असताना प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. ज्याला शेवट माहीत होता त्याने अश्रू आवरले नाहीत, तर तुम्ही का आवरावेत?

स्तोत्र 88 वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठेतरी स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपते, आणि तरीही ज्यांनी शास्त्र एकत्र केले त्यांनी ते वगळले नाही. त्यात आनंद नाही, पण पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत ते देवाशीच बोलत राहते. सध्या तुम्हाला तेवढेच जमत असेल तर तेवढेच करा. 'आई गेली' एवढी दोन शब्दांची प्रार्थनाही चालते. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 च्या जुलैमध्ये वारली, तेव्हा त्यांच्या हाती पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम होते. ते काम त्यांनी सोडले नाही, आणि पुढच्याच वर्षी 5 एप्रिलला त्या गेल्या. त्या महिन्यांत त्यांना आनंद वाटत होता की नाही हे कोणी मोजायला जाऊ नये.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. झोप आणि जेवण आठवड्यामागून आठवडे बिघडलेले असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटत असेल, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जा आणि घरातील एखाद्या माणसाला तसे सांगून ठेवा. लूक वैद्य होता आणि पौलाच्या सोबत होता.

प्रश्न : आमची मुले घराबाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. मराठी स्तोत्रे म्हणताना मला आणि माझ्या पत्नीला जो आनंद होतो तो त्यांना होत नाही. हिंदीतूनच घरची प्रार्थना करावी का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ज्या भाषेत मूल भांडते त्या भाषेत ते प्रार्थनाही करू शकते, तेव्हा मुलांच्या स्वतःच्या प्रार्थनेला भाषेची अट घालू नका. वाचन मात्र थोडे मराठीतून ठेवा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने गोव्यात ख्रिस्तपुराण रचले, जे 1616 साली छापले गेले, तेव्हा ते मराठी ओव्यांत रचले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून आख्खे शास्त्र मराठीत आणले ते साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून. तुमची मुले हिंदीमुळे देवनागरी वाचतातच, म्हणजे लिपीची अडचण मिटली; राहिले काही शब्द. वरच्या भगिनींना सुचवलेले स्तोत्र 32 च घ्या आणि प्रत्येकाला रोज एकच वचन वाचायला द्या. क्षमा, आनंद, घोडा, लगाम हे शब्द त्यांच्या ओळखीचेच आहेत. आणि नवव्या वचनातले खेचर म्हणजे आपले खच्चरच, हे धाकटे बहुधा तुम्ही सांगण्याआधीच ओळखेल.