वाचकांचे प्रश्न : डॅशिंग नेता आणला की मतं परत येतात का?

प्रश्न : नमस्कार सर. मी नांदेड जिल्ह्यातला, आमच्या घरात आजोबांपासून पंजा. आमचे नेते गेले, आमदार गेले, आम्ही मात्र आहे तिथंच. माझं म्हणणं सरळ आहे, महाराष्ट्रात काँग्रेसला आता एक डॅशिंग माणूस पाहिजे, समोरच्याला जागेवर उत्तर देणारा. मवाळ लोकांनी पक्षाची पार वाट लावली. असा माणूस आला तर लोक परत येतील ना?

उत्तर : दादा, डॅशिंग माणूस होता की! नाना पटोले काय मवाळ होते होय? २०१४ ला भाजपकडून उभं राहून भंडारा-गोंदियात थेट प्रफुल्ल पटेलांना पाडलं, मग मोदींवरच टीका करून खासदारकी सोडली, काँग्रेसमध्ये आले, विधानसभेचं अध्यक्षपद मिळालं तर तेही सोडून २०२१ ला प्रदेशाध्यक्ष झाले. बोलायला कोणाच्या बापाला भीत नव्हते, मित्रपक्षांना पण नाही. आता हिशोब बघा. जून २०२४ ला लोकसभेत काँग्रेसनं १७ जागा लढवल्या आणि १३ आणल्या, राज्यात सगळ्यात मोठा पक्ष. नोव्हेंबरला विधानसभेत १०१ लढवल्या आणि आल्या १६. नाना स्वतः साकोलीत २०८ मतांनी वाचले. मधे गेले जेमतेम साडेपाच महिने, प्रदेशाध्यक्ष तोच, आवाज तोच. आक्रमकपणामुळे जूनमधे जिंकले असं म्हणायचं तर नोव्हेंबरमधे तो आक्रमकपणा गेला कुठं?

दुसऱ्या बाजूला बघा. लोकसभेत भाजपला इथे ९ जागा मिळाल्या, फडणवीसांनी जबाबदारी घेऊन सरकारमधून मोकळं करा म्हटलं, दिल्लीनं ऐकलं नाही, आणि त्याच माणसाला पुढं ठेवून विधानसभेला १३२ आल्या. म्हणजे तिकडं पण चेहरा बदलला नाही. बदललं काय, तर लाडक्या बहिणीचे महिना पंधराशे खात्यात पडायला लागले, कृषिपंपाचं वीजबिल माफ झालं, आणि जिथे लोकसभेला मार बसला तिथल्या बूथच्या याद्या घेऊन माणसं परत घरोघर गेली. आघाडीनं तीन हजाराचं आश्वासन दिलं होतं ना, पण हातात पडलेले पंधराशे आणि जाहीरनाम्यातले तीन हजार यात बाई कशावर भरवसा ठेवणार सांगा.

आणि तुम्ही तर नांदेडचे, तुमच्याकडंच सगळ्यात भारी उदाहरण घडलंय. खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमधे गेले, त्यामुळे २० नोव्हेंबरला तुमच्याकडं विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी होती. तीच रांग, तेच बोट, तीच शाई, फक्त दोन मशिनी. लोकसभेच्या मशिनवर पंजा जिंकला, १४५७ मतांनी का होईना पण जिंकला. विधानसभेच्या मशिनवर भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड, सहाच्या सहा जागा महायुतीला. देगलूरला तर निवडून आलेले अंतापूरकर त्याआधी काँग्रेसचेच आमदार होते. आता वसंतरावांच्या मुलाला सहानुभूती होती हे मान्य, पण ते धरून सुद्धा प्रश्न उरतोच, की एका मशिनवर पंजा दाबणारा माणूस दोन पावलं पुढं जाऊन दुसऱ्या मशिनवर दुसरंच का दाबतो? त्याचा पक्षावर राग असता तर दोन्हीकडं दिसला असता. माझ्या मते, खाली गावात त्याला ज्याच्याकडं कामाला जावं लागतं तो माणूसच तिकडं गेलेला आहे.

हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडं नेता म्हणजे नुसता नेता नसतो, त्याच्याकडं कारखाना असतो, बँक असते, शाळा-कॉलेजं असतात, दूध संघ असतो. ऊस वेळेवर तोडून जायचाय, पोरगी संस्थेत शिक्षिका म्हणून लागलीय, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचंय. फेब्रुवारी २०२४ ला माजी मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण भाजपमधे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर अशी सगळी माणसं साखळीनं गेली, त्यातल्या निम्म्यांना विचारधारेशी काही देणंघेणं नव्हतं. आता मुंबईत तुम्ही कितीही वाघ आणून बसवा, मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या वाटायला कोण बसणार? ऊस कोणाकडं जातो त्यावर ते ठरतं.

अजून एक गोष्ट कोणी बोलतच नाही. १०१ जागा लढवल्या म्हणजे २८८ पैकी १८७ मतदारसंघात मशिनवर पंजाच नव्हता! आघाडीचं राजकारण आहे, जागा सोडाव्या लागतात हे कळतं, पण ज्या तालुक्यात पाच-पाच, दहा-दहा वर्षं स्वतःचं चिन्हच नाही तिथला कार्यकर्ता काय घेऊन फिरणार? तो आधी मित्रपक्षाचा प्रचार करतो, मग मित्रपक्षाचा माणूस होतो आणि मग मित्रपक्ष फुटला की तिसरीकडंच जातो. त्यात २०२२ पासून महापालिका, झेडपी जवळपास सगळीकडं प्रशासक बसवून ठेवले होते, म्हणजे नगरसेवक नाही, सभापती नाही. विरोधी पक्षाच्या पोरांना मोठं व्हायला ज्या पायऱ्या असतात त्या साडेतीन-चार वर्षं काढूनच टाकल्या होत्या.

हिंमत लागते, नाही असं नाही. फक्त माईकवर नाही, तिकीट वाटताना लागते. कोल्हापूर उत्तर आठवतंय का? २०१९ ला काँग्रेसनं जिंकलेली जागा, आमदार वारले तर २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीनं परत राखलेली. २०२४ ला त्या बाईंना तिकीटच दिलं नाही. पक्षानं आधी लाटकरांना तिकीट दिलं, ते एक माजी नगरसेवक, चप्पल झिजवणारा माणूस. त्यावर आपल्यातल्याच लोकांनी गोंधळ घातला म्हणून ते काढून राजघराण्यातल्या मधुरिमाराजेंना दिलं, लाटकर अपक्ष राहिले, आमदार बाई शिंदे सेनेत गेल्या, आणि अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी मधुरिमाराजेंनीच माघार घेतली. झालं, पंजा मशिनवरून गायब! मग त्याच लाटकरांना पाठिंबा द्यायची वेळ आली, जागा गेलीच. लाटकर ठाम म्हणून ठेवायची हिंमत पहिल्याच दिवशी दाखवली असती तर हरले असते तरी इज्जतीनं हरले असते. बोलायला वाघ आणि तिकिटाच्या वेळी शेजारच्याचं तोंड बघणारे, अशांची पक्षात कमी नाहीये.

प्रश्न : सर तुमचं नेहमीचं संघटना संघटना चालू असतं पण कसब्यात काय झालं मग? धंगेकर एकटा माणूस, स्कूटरवर फिरणारा, समोर अख्खं मंत्रिमंडळ उतरलं होतं तरी पाडलं ना? लोकांना असाच माणूस आवडतो. (पुण्याहून एक वाचक, वय २४ असं मुद्दाम लिहिलंय)

उत्तर : कसबा मी पण विसरलेलो नाही बाळा. मार्च २०२३, अठ्ठावीस वर्षं भाजपकडं असलेली पेठेतली जागा, चंद्रकांतदादा प्रचारात बोलून गेले ‘हू इज धंगेकर’, आणि निकालाच्या दिवशी पोरांनी ‘धिस इज धंगेकर’ करत गुलाल उधळला. मजा आली होती, खोटं कशाला बोलू.

पण पुढचं पण सांग ना. २०२४ ला लोकसभेला तेच धंगेकर मोहोळांकडून हरले. नोव्हेंबरला कसब्यात, म्हणजे स्वतःच्या गल्लीत, हेमंत रासनेंकडून हरले, ज्यांना त्यांनी पावणेदोन वर्षापूर्वी पाडलं होतं त्यांच्याकडूनच. आणि मार्च २०२५ ला धंगेकर शिंदे सेनेत. म्हणजे पक्षाचं काय झालं? माणूस शिवसेना, मनसे करत काँग्रेसमधे आला होता, मतं घेऊन आला आणि मतं घेऊन गेला. पोटनिवडणुकीला तिन्ही पक्षांची सगळी ताकद एका मतदारसंघात लागते, ब्राह्मण समाजाची नाराजी होती, वारलेल्या आमदार मुक्ता टिळकांच्या घरात तिकीट नाही दिलं म्हणून धुसफूस होती, त्यात धंगेकरांचा स्वतःचा दांडगा संपर्क, रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस. हे सगळं एकत्र आलं. त्यातला संपर्क त्यांचा स्वतःचा होता, डायलॉग नंतर आला. तुम्ही लोक रील बघून उलटं समजता, की डायलॉगमुळे निवडून आले. असो, वय आहे तुझं.

प्रश्न : आम्ही गेली बरीच वर्षं हैदराबादला आहोत. इथे काँग्रेस संपली असं सगळे म्हणत होते आणि रेवंत रेड्डींनी एकहाती आणून दाखवली. बोल्ड नेतृत्वाचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे? महाराष्ट्रातले नेते यातून काही शिकत का नाहीत?

उत्तर : ताई, हा प्रश्न खरा अवघड, कारण रेवंत आक्रमक आहेत आणि त्यांच्याशिवाय ते झालं नसतं हे मलाही पटतं. २०१८ ला तेलंगणात काँग्रेसचे १९ आमदार आले आणि त्यातले १२ पुढच्या वर्षी तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांच्या पक्षात गेले, इतकी वाईट अवस्था. तिथून २०२३ ला ११९ पैकी ६४.

तरी मधली दोन वर्षं बघाच. रेवंत २०२१ च्या मध्याला अध्यक्ष झाले आणि काही महिन्यातच हुजुराबादच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसला तीन हजाराच्या आसपास मतं पडली, डिपॉझिट गेलं. पुढच्या वर्षी मुनुगोडे, ती तर काँग्रेसचीच जागा होती, तिथेही डिपॉझिट गेलं. हेच महाराष्ट्रात झालं असतं तर तिसऱ्या दिवशी पाच जण दिल्लीच्या विमानात बसले असते, अध्यक्ष बदला म्हणून. तिकडं पण ज्येष्ठ मंडळींनी बंड केलंच, तेलुगू देसममधून आलेला माणूस आमच्या डोक्यावर कशाला म्हणून, पण हायकमांडनं त्यांना हलवलं नाही. मग मे २०२३ ला शेजारी कर्नाटक जिंकलं, इकडं भाजपनं ऐन निवडणुकीच्या वर्षात बंडी संजय यांना अध्यक्षपदावरून काढलं, केसीआरांना जवळपास दहा वर्षं झाली होती, लोक कंटाळले होते, आणि महिलांना मोफत एसटीसारख्या सहा गॅरंट्या घरोघर पोचल्या. समोरची जागा रिकामी झाली तेव्हा रेवंत तिथे उभे होते. महाराष्ट्रात ती जागा रिकामी झालेलीच नाहीये, उलट विरोधातच तीन पक्ष एका जागेसाठी उभे आहेत.

त्यामुळे शिकायचं असेल तर रेवंत यांच्या भाषणापेक्षा ती दोन पडकी वर्षं शिकावीत. हरल्यावरही अध्यक्षाला मुदत देणं दिल्लीच्या हातात आहे, प्रदेशातल्या कोणाच्याच नाही.

प्रश्न : मग हर्षवर्धन सपकाळ चालतील का नाही, एका वाक्यात सांगा. फार लांब लिहिता तुम्ही.

उत्तर : एका वाक्यात जमत नाही, दोन-तीन घ्या. बुलढाण्याचा साधा माणूस, झेडपी अध्यक्ष, एक टर्म आमदार, कारखाना नाही, संस्थानिक नाही, म्हणून फेब्रुवारी २०२५ ला प्रदेशाध्यक्षपदी नेमणूक झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. महिन्याभरातच त्यांनी फडणवीसांच्या कारभाराची औरंगजेबाशी तुलना केली, चॅनलवर त्याचा धुरळा उडाला, त्यानं साकोलीत की संगमनेरात एक तरी टेबल वाढलं असेल असं मला वाटत नाही. संगमनेरला थोरातसाहेब १९८५ पासूनचे आमदार, दहा हजाराच्या वर मतांनी पडले, तिथे आता बूथवर कोण बसतंय आणि पुढच्या वेळी घरातला उमेदवार देणार का बाहेरचा, हे सपकाळांनी स्वतः ठरवलं आणि ते टिकलं तर चालले म्हणायचं.