‘नको’ म्हणणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाताना

प्रश्न : माझ्या कार्यालयाच्या वाटेवर एका बंद दुकानाच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ कित्येक महिन्यांपासून झोपतात. बेघरांसाठी काम करणाऱ्या स्थानिक पथकाला मी कळवले. कार्यकर्ते आले, पण निवाऱ्यात जाण्यास गृहस्थांनी साफ नकार दिला. तरीही तेच दोघे दर आठवड्याला येतात आणि नुसते बोलून जातात. ज्यांना मदत नकोच आहे, त्यांच्यासाठी एवढा वेळ देणे योग्य आहे का? आणि माझ्यासारख्याने नेमके काय करावे?

उत्तर : आपण कळवलेत आणि कळवून विसरला नाहीत, याबद्दल आधी आभार मानतो. मात्र ‘मदत नकोच आहे’ हे आपले अनुमान मला पटत नाही. त्या गृहस्थांनी निवारा नाकारला आहे. मदतच नको असती, तर त्यांनी दर आठवड्याला कार्यकर्त्यांशी बोलणेही टाळले असते.

निवारा नाकारण्यामागे बहुतेक वेळा अनुभव असतो. सामायिक दालनात रात्रीतून बोचके चोरीला गेलेले असते, मारहाण झालेली असते, नवरा-बायकोला वेगवेगळ्या ठिकाणी पाठवलेले असते किंवा सोबतच्या कुत्र्याला दारातच अडवलेले असते. शिवाय सकाळी निवाऱ्याबाहेर पडून परत यावे, तर पायरीवरची ठरलेली जागा दुसऱ्या कोणी घेतलेली असते. एका रात्रीच्या छपरापायी ती जागा गमावणे त्यांच्या हिशेबाने तोट्याचे असते, आणि तो हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही.

म्हणूनच पथकाचे काम नुसत्या बोलण्यापासून सुरू होते. फेरी रात्री उशिरा किंवा उजाडण्यापूर्वी काढतात, कारण कोण खरोखर कुठे झोपते हे त्याच वेळी कळते. झोपलेल्या माणसाला हात लावून उठवायचे नाही, पायांच्या बाजूने थोडे अंतर राखून हाक मारायची, आणि टेकण्यापूर्वी ‘काका, बसू का इथे?’ असे विचारायचे, कारण तो अंथरलेला पुठ्ठा हेच त्यांचे घर असते. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी अनेक भेटींत स्वतःचे नावही सांगितले नव्हते. एके पहाटे त्यांनी एकात एक घातलेल्या चार प्लास्टिकच्या पिशव्यांतून शाई फुटलेले ओळखपत्र काढले आणि ‘हे नवीन मिळेल का?’ एवढेच विचारले. ओळखपत्रासाठी पत्ता लागतो आणि पत्त्यासाठी ओळखपत्र. ही गाठ सोडवायला कोणीतरी सोबत कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि तेही पथकाचेच काम असते.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९८५ मध्ये बेघरांसाठीच्या आरोग्यसेवेत रुजू झालेले डॉ. जिम ओ’कॉनेल यांना अनुभवी परिचारिकांनी सुरुवातीला स्टेथोस्कोप बाजूला ठेवून लोकांचे पाय पाण्यात भिजवून स्वच्छ करायला लावले होते. सतत ओल्या राहिलेल्या पायांची कातडी थंडी गोठवणारी नसली तरी सडू शकते, त्यामुळे त्या कामाची वैद्यकीय गरज होतीच. पण डॉक्टर रुग्णाच्या पायाशी बसला की रुग्ण हळूहळू बोलू लागतो, हे त्या परिचारिकांना ठाऊक होते.

अर्थात, विश्वास बसल्यावर पथकाच्या हातात देण्यासारखे काही नसेल, तर ही सारी मेहनत वाया जाते. ‘आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, मग घर’ हा क्रम मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उलटा केला आणि आधी घर दिले. फिनलंडने २००८ पासून हेच तत्त्व राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले, जुन्या निवाऱ्यांच्या जागी स्वतंत्र भाड्याची घरे उभी केली, आणि तिथली दीर्घकालीन बेघरी पुष्कळ कमी झाली. ज्या दाराची किल्ली आपल्याच खिशात राहील, ते दार नाकारणारी माणसे फार थोडी असतात.

आपण करावे ते असे : जागा आणि वेळ अचूक कळवावी, येता-जाता नमस्कार करावा, आणि काही द्यायचे असल्यास काय हवे ते त्यांनाच विचारावे. थंडीत पांघरुणाइतकेच अंथरूणही महत्त्वाचे असते, कारण गार जमीन अंगातली ऊब शोषून घेते. एक गोष्ट मात्र कृपया लक्षात ठेवावी. थंडीत एखाद्याची जीभ अडखळत असेल, तो भांबावलेला असेल आणि त्याचे कुडकुडणे थांबलेले असेल, तर ‘प्यायलेला दिसतो’ म्हणून पुढे जाऊ नये. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याची ती लक्षणे असू शकतात. दारू घेतलेली असली तरी धोका वाढतोच, कारण दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. अशा वेळी पथकाची वाट न पाहता थेट रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : अशा व्यक्तीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकल्यास मदत लवकर मिळते का?

उत्तर : कृपया टाकू नये. उघड्यावर झोपणाऱ्यांत घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या स्त्रियाही असतात, आणि आपण टाकलेले छायाचित्र मारणाऱ्याला त्यांचा ठावठिकाणा सांगू शकते.