स्वस्तातला कॅमेरा घेतोस, तर हे पाहून घे

भाऊ, जुना डिजिटल कॅमेरा घेतोच म्हणतोस, तर घे. पोळ्याला उन्हात उभ्या बैलजोड्यांचे फोटो तो झकास काढतो. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं, सगळं खुलून येतं. पण तोरण तुटून बैल घराकडे निघाले, अंधारलं, की त्याची मस्ती उतरते. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, बहुतेकदा जेमतेम 6 मिलिमीटर रुंद. ऑटोवर ठेवलास तर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो आणि फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. तेव्हा आयएसओ 100 किंवा 200 वर बांधून ठेव, कॅमेरा बैलबंडीवर टेकव, 2 सेकंदांचा टायमर लाव. चालते बैल पुसटच येतील, त्याला इलाज नाही.

मेगापिक्सेलला भुलू नको. ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सनंच जवळ आणणं, किती, ते विचार. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं.

एए सेलवरचा मिळाला तर बरं, सेल किराणा दुकानातही मिळतात. साधे मात्र लवकर मान टाकतात, रिचार्जेबलच घे.

आणि धूळ! कापूस वेचणीत माझी लेन्स बाहेर आली ती आत गेलीच नाही. घेताना पाच-दहादा चालू-बंद कर. करकर ऐकू आली, तर ठेव तिथंच.