स्वयंपाकघरातील शंका : बरगडीच्या रोस्टला खरपूस पापुद्रा कसा यावा?

प्रश्न : आमचे कुटुंब मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, गेली काही वर्षे आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या चालीप्रमाणे नाताळच्या जेवणाला बीफचा रिब रोस्ट करावा असे मुलांना वाटते. मांस स्वच्छ धुऊन, त्याला आले-लसूण आणि दही लावून रात्रभर मुरवायचे, ही आमची घरची रीत. पण तसे केल्यावर बाहेरचा भाग खरपूस होत नाही, आणि तो होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवले तर आतले मांस करडे व कोरडे पडते. आधी कडक आच द्यावी की शेवटी, याबद्दलही प्रत्येक जण वेगळे सांगतो. योग्य पद्धत कोणती?

उत्तर : आपल्या प्रश्नातच अडचणीचे मूळ आहे. आतले मांस शिजवणे आणि बाहेरचा पापुद्रा खरपूस करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, त्यांना लागणारी उष्णताही निरनिराळी आहे, आणि ती एकाच आचेवर एकाच वेळी उरकायला गेले की एक काम साधते व दुसरे बिघडते. रोस्टचा तो तपकिरी रंग आणि भाजका सुगंध मांसातील प्रथिनांचे घटक व शर्करा यांच्या परस्परक्रियेतून निर्माण होतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रथम वर्णन केलेली ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते. परंतु मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर ओव्हन कितीही तापलेला असला तरी पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते, कारण मिळणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वाटणासाठी ओले खोबरे भाजताना त्यातला ओलावा उडून जाईपर्यंत त्याला रंग चढत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. इथेही तेच घडते. मांस धुणे, त्याला दही लावणे, आले-लसणाच्या ओल्या वाटणाचा लेप देणे, या तिन्ही गोष्टी पृष्ठभागावर पाणी वाढवतात, म्हणून या पदार्थापुरत्या तरी त्या वर्ज्य कराव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय नळाखाली मांस धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट ते सिंकभर उडतात; अमेरिकेचे कृषी खातेदेखील मांस धुऊ नये असेच सांगते.

आता मांसाच्या निवडीविषयी. अमेरिकेत सहाव्यापासून बाराव्यापर्यंतच्या सात बरगड्या रिब रोस्टच्या भागात येतात. दहा ते बारा क्रमांकाच्या, म्हणजे कमरेकडील, तीन बरगड्यांचा तुकडा मागावा; त्यात मधला मऊ स्नायू मोठा व अखंड असतो, तर खांद्याकडील तुकड्यात चरबी अधिक आणि स्नायू विभागलेले असतात. तीन बरगड्यांचा तुकडा साधारण तीन किलोचा भरतो व सहा ते आठ माणसांना पुरतो. पाटीवर ‘प्राइम रिब’ असे लिहिलेले असले तरी मांसाची सरकारी प्रत प्राइम, म्हणजे सर्वांत वरची, असतेच असे नाही, म्हणून शिक्का पाहून घ्यावा. अर्थात तिच्या खालोखालच्या चॉइस प्रतीचे मांसही या पद्धतीने उत्तम होते आणि खिशाला बरेच हलके पडते. दोन बरगड्यांहून लहान तुकडा मात्र घेऊ नये, कारण पापुद्रा तयार होईपर्यंत तो आतपर्यंत शिजून जातो. हाडे सुरीने सोडवून पुन्हा जागच्या जागी सुती दोऱ्याने बांधून देण्याची विनंती खाटकाला करावी. पुढे वाढताना फार सोपे जाते.

जेवण २५ डिसेंबरच्या संध्याकाळी असेल तर काम २२ किंवा २३ तारखेलाच सुरू करावे. मांस कागदी टॉवेलने सर्व बाजूंनी कोरडे पुसावे. वरच्या चरबीला सुरीच्या टोकाने आडव्या-उभ्या चिरा द्याव्यात, मात्र सुरी खालच्या मांसात उतरू देऊ नये. नंतर किलोमागे दहा ते बारा ग्रॅम मीठ हाडांच्या बाजूसह सगळीकडे चोळावे. मीठ चमच्याने न मोजता वजन करून घ्यावे असा माझा आग्रह आहे, कारण अमेरिकेत मिळणाऱ्या कोशर, म्हणजे भरड दाण्याच्या, मिठाच्या दोन प्रसिद्ध प्रकारांत एका चमच्यातील वजन जवळजवळ दुपटीने वेगळे असते आणि साधे बारीक मीठ त्याहूनही जड असते. मीठ लावलेला तुकडा ट्रेमधल्या जाळीवर ठेवून, काहीही न झाकता, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा. पहिल्या तासाभरात मिठामुळे मांसाला पाणी सुटते. मग ते मीठ त्या पाण्यात विरघळून हळूहळू मांसात शिरते, आणि फ्रिजमधील कोरडी हवा पृष्ठभाग वाळवत राहते. दोन दिवसांनी वरचा भाग गडद व चामड्यासारखा कोरडा दिसू लागला की घाबरू नये, तो तसाच व्हायला हवा. मी या पायरीला इतर सर्व पायऱ्यांपेक्षा अधिक महत्त्व देते. एक रात्र जरी मिळाली तरी फरक दिसतो, पण दोन रात्रींनी येतो तसा पापुद्रा एका रात्रीत येत नाही.

नाताळच्या दिवशी त्यावर फक्त भरड कुटलेली मिरी लावावी आणि तुकडा जाळीसह उथळ काठाच्या ट्रेत, चरबीची बाजू वर करून, २५० अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण १२० अंश सेल्सिअसवर ओव्हनमध्ये ठेवावा. ट्रेत पाणी ओतू नये, कारण त्याची वाफ पृष्ठभागाला पुन्हा ओला करते. तीन बरगड्यांच्या तुकड्याला साडेतीन ते साडेचार तास लागतात. मात्र घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा, कारण लागणारा वेळ वजनापेक्षा तुकड्याच्या जाडीवर अधिक अवलंबून असतो. थर्मामीटरची सळई हाडाला न टेकता मध्यभागी पोचली पाहिजे. आतील तापमान १२० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे सुमारे ४९ सेल्सिअसला आले की तुकडा बाहेर काढावा. बाहेरची उष्णता आत सरकत राहिल्याने ते आणखी थोडे चढते. मंद आचेमुळे कडेपासून मध्यापर्यंत मांस जवळजवळ एकसारखे गुलाबी राहते, आणि आपण म्हणता तो करड्या मांसाचा जाड थर तयारच होत नाही.

बाहेर काढलेला तुकडा फॉइलने सैल झाकून किमान अर्धा तास, आणि सोय असेल तर दीड तासापर्यंतही, तसाच ठेवता येतो. या वेळात ओव्हन मोकळा असल्याने बटाटे किंवा केक भाजून घेता येतात, ही या पद्धतीची गृहिणीच्या दृष्टीने मोठी सोय आहे. फॉइल घट्ट मात्र लावू नये. पाहुणे टेबलाशी बसण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी ओव्हन ५०० अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे २६० सेल्सिअसवर पूर्ण तापवून, पुसून कोरडा केलेला तुकडा सहा ते दहा मिनिटे आत ठेवावा आणि दाराच्या काचेतून पाहत राहावे. पृष्ठभाग आधीच वाळलेला असल्याने रंग झपाट्याने चढतो. या वेळी तो पुन्हा विसावायची गरज नसते. तो विसावून झालेला आहे, म्हणून लगेच कापावा. तुकड्याला तेलाचे बोट लावण्यास हरकत नाही, परंतु बटर लावू नये, कारण त्यात पंधरा-सोळा टक्के पाणी असते. लसूणही नको, इतक्या आचेवर तो करपून कडू होतो.

आता आच आधी की शेवटी हा वाद. सुरुवातीला कडक आच दिल्याने मांसाची छिद्रे बंद होऊन रस आत कोंडला जातो, ही समजूत युस्टस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७ मधील प्रतिपादनापासून पसरली आणि पुढे प्रयोगांती ती चुकीची ठरली. पापुद्रा चवीसाठी असतो, तो रस अडवून धरत नाही. आधी कडक आच दिली तर गार व ओल्या पृष्ठभागाला तपकिरी करण्यात बराच वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात बाहेरचा बोटभर भाग गरजेपेक्षा जास्त शिजून बसतो.

एक सावधगिरी अवश्य घ्यावी. मंद आचेवर ट्रेत साचलेली चरबी शेवटच्या कडक आचेपूर्वी काढून ट्रे पुसून घ्यावा, नाहीतर धुराने स्मोक अलार्म वाजू लागेल. आणि ती चरबी टाकू नये. आपले आले-लसूण आणि गरम मसाला खरे तर इथेच शोभतात : दोन चमचे चरबीत ते परतून, थोडा मैदा भाजून, हाडांचा गाळलेला रस घालून ग्रेव्ही करावी. नगरची चव टेबलावर येते आणि पापुद्राही कोरडा राहतो.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घरातील तरुण मंडळींना गुलाबी मांस आवडते, पण सासूबाईंना ताटात लाल रस दिसला तरी घास उतरत नाही. एकाच रोस्टमध्ये दोघांचे समाधान करता येईल का? गुलाबी मांस सुरक्षित असते का?

उत्तर : सासूबाईंना प्रथम हे सांगावे की तो लाल रस रक्त नव्हे, स्नायूंमधील मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे पाण्याला आलेला तो रंग आहे. तरीही त्यांना नको असेल तर त्यांची आवड राखणे अगदी सोपे आहे. दोन्ही टोकांच्या कापा मधल्या भागापेक्षा अधिक शिजलेल्या असतात आणि पापुद्राही त्यांनाच सर्वाधिक असतो, म्हणून त्या आपल्या सासूबाईंच्या पानात वाढाव्यात. तेवढ्यानेही भागले नाही तर काप उकळत्या ग्रेव्हीत मिनिटभर बुडवावी, लाली पूर्ण जाते.

सुरक्षिततेबाबत बोलायचे तर अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि कडक आचेने ते मरतात. हाड काढून गुंडाळलेल्या तुकड्यात मात्र बाहेरची बाजू आत जाते, म्हणून ब्रिटनमधील अन्नसुरक्षा यंत्रणा तसे तुकडे गुलाबी खाऊ नयेत असे सांगते. आपण हाडासकट तुकडाच घ्यावा. अमेरिकेतील वाचकांनी पाकिटावर सुयांनी मऊ केल्याची सूचना आहे का, हेही पाहावे, कारण सुयांबरोबर जंतू आत शिरू शकतात. अमेरिकेचे कृषी खाते अखंड मांसासाठी १४५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ६३ सेल्सिअस, आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा अशी शिफारस करते, तर वर सांगितलेल्या पद्धतीत मध्यभाग साधारण ५४ अंशांवर थांबतो. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी ६३ अंशांचीच मर्यादा पाळावी. याबाबत मी कोणतीही सूट सुचवणार नाही. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

प्रश्न : पुण्यात राहून असा रोस्ट करता येईल का?

उत्तर : बीफचा नाही. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ही बंदी लागू नाही, परंतु ते बहुधा वयस्क जनावराचे, कमी चरबीचे व चिवट असते आणि कोरड्या आचेवर मऊ होत नाही. बोकडाच्या मांडीला मात्र हेच तत्त्व क्रम थोडा बदलून लावता येते. मांडी मीठ व मसाला लावून झाकणाच्या भांड्यात, थोड्या पाण्यावर, अगदी मंद आचेवर दोन-अडीच तास मऊ शिजवावी. मग रसातून काढून, निवल्यावर, जाळीवर उघडी ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये वाळवावी. दुसऱ्या दिवशी तासभर आधी बाहेर काढून, तेलाचा हलका हात फिरवून, २३० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओटीजीत वीस ते पंचवीस मिनिटे भाजावी. छोट्या ओटीजीत वरची कांब मांसाच्या फार जवळ येते, म्हणून जाळी खालच्या खाचेत ठेवावी आणि अर्ध्या वेळाने मांडी उलटावी.