उष्टावणाच्या आधी एवढं शिकून घ्या

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "मावशी, हॉस्पिटल आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर आहे. मग छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचं ते सीपीआर शिकून मी काय करू?" फोनवर याचं उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

दहा मिनिटं फार होतात रे. श्वास थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. लिफ्ट, पार्किंग, गेट, सिग्नल हे सगळं त्याच चार मिनिटांत बसवायचं आहे, हे लक्षात घे. मुलांच्या कॅज्युअल्टीत माझी उभी हयात गेली. बापाच्या खांद्यावर निपचित पडलेलं लेकरू दारातून आत येतं, आमच्याकडे डॉक्टर, ऑक्सिजन, नळ्या सगळं तयार असतं, आणि पहिल्या नजरेतच कळतं की घरात कुणाला काही करता आलेलं नाही. १०८ला फोन लावायचाच, पण गाडी दारात येईपर्यंत बाळाजवळ जो कुणी असेल त्याच्याच हातात सगळं असतं.

पुढच्या महिन्यात बाळाचं उष्टावण आहे, तेव्हा आधी घशात अडकण्याबद्दल सांगते. घास अडकला पण बाळ जोरात खोकतंय, रडतंय, तर त्याला खोकू द्यायचं. तो खोकला तुमच्या कुठल्याही उपायापेक्षा चांगला. भीती वाटायला हवी ती आवाज बंद झाल्यावर. तोंड उघडं, रडण्याचा आविर्भाव, पण आवाज नाही, आणि ओठ निळे पडू लागलेले. अशा वेळी घरातलं कुणीतरी तोंडात बोट घालतं. हे करायचं नाही. न दिसणारी वस्तू बोटाने आणखी आत ढकलली जाते. दिसत असेल तरच काढायची.

वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं. डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आपल्या पंज्याचा आधार, गळा दाबला जाता कामा नये. दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरकस थापा. नाही निघालं तर उताणं करून, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबायचं. पुन्हा पालथं, पुन्हा उताणं, वस्तू निघेपर्यंत. एवढ्या लहान बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही. पोट दाबण्याची रीत वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी. आणि बाळ मधेच लुळं पडलं तर थापा थांबवून कडक जागेवर निजवायचं, सीपीआर सुरू करायचा आणि १०८ला फोन लावायचा.

हे वाचताना तुला सोपं वाटेल. मी आईबापांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग घेते, तिथे सरावाच्या बाहुलीवर करायला लावलं की भल्याभल्यांचे हात अडतात. पहिली थाप बहुतेक सगळे आईबाप ढेकर काढतात तशी हळुवार मारतात. मी त्यांचा हात धरून खरा जोर दाखवते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर "इतकी जोरात?" असं उमटतं. हो, इतकी जोरात. हा जोर हाताला आधी ठाऊक असावा लागतो. व्हिडिओ दहा वेळा पाहूनही तो येत नाही, म्हणून मी वर्गाचा आग्रह धरते.

शेंगदाण्याबद्दल वेगळं लिहायला हवं. मुलांच्या श्वासनळीतून दुर्बिणीने काढलेल्या वस्तूंत मी शेंगदाणा सगळ्यात जास्त पाहिला. त्याखालोखाल हरभरा, सीताफळाची बी, सुपारीचं खांड. पोर खोकतं, कासावीस होतं, मग शांत होतं, आणि घरचे म्हणतात, गिळला एकदाचा. तो गिळलेला नसतो, एका बाजूच्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसलेला असतो. आठ-दहा दिवसांनी न हटणारा खोकला आणि ताप घेऊन तेच पोर दवाखान्यात येतं, आणि तोवर शेंगदाणा सगळे विसरलेले असतात. म्हणून ठसका लागून गेला असेल तर आठवणीने डॉक्टरांना सांगायचं. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खा दाणा द्यायचाच नाही, कूट द्यायचं. संक्रांतीला तुम्ही बोरन्हाण कराल, जरूर करा, मला फोटो पाठवा. पण बोरं, हलवा, उसाचे करवे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या की जमलेली सगळी चिल्लीपिल्ली त्यांवर तुटून पडतात आणि मोठी माणसं मोबाइलवर फोटो काढण्यात गुंतलेली असतात. नुसते चुरमुरे आणि फुलं घ्या, आणि एका मोठ्या माणसाने फक्त मुलांच्या तोंडाकडे लक्ष ठेवा.

आता सीपीआर. तुमच्या कंपनीत प्रशिक्षण झालंय म्हणालास. त्यात नुसती छाती दाबायला शिकवली असेल. मोठ्या माणसांसाठी ते बरोबर आहे, कारण त्यांचं बहुधा हृदयच अचानक बंद पडतं आणि रक्तात ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. मुलांचं उलटं. त्यांचा आधी श्वास जातो, ऑक्सिजन संपतो आणि मग हृदय थांबतं. म्हणून मुलाला तोंडाने श्वास द्यावाच लागतो. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे. दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे बाळात सुमारे ४ सेंटिमीटर. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं, आणि आपल्या गालात मावेल एवढीच हवा सोडायची. छाती वर आलेली दिसली की पुरे. श्वास देता येत नसेल तर निदान दाबत राहा, थांबू नकोस. एकटाच असशील तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेव आणि हात चालू ठेव. फोनच जवळ नसेल तर आधी दोन मिनिटं सीपीआर, मग फोन.

सरावाची ती बाहुली कुठून आली ते सांगण्यासारखं आहे. नॉर्वेतल्या स्टावांगेर गावी ऑस्मुंड लेर्डाल नावाचा खेळणी बनवणारा माणूस होता. त्याचा दोन वर्षांचा मुलगा बुडताबुडता त्याच्या हातूनच वाचला. पुढे डॉक्टर मंडळी सरावासाठी बाहुली हवी म्हणून त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने ते काम मनावर घेतलं, आणि १९६०मध्ये पहिली बाहुली तयार झाली. आज जगभर लोक त्याच बाहुलीच्या लेकी-नातींवर शिकतात. एका बापाला हे काम का करावंसं वाटलं असेल, हे तुला आता समजेल.

बुडायला आपल्याकडे नदी-विहीर लागत नाही, बाथरूममधली बादली पुरते. रांगतं किंवा नुकतं उभं राहायला लागलेलं मूल बादलीत वाकतं, डोकं जड असतं, तोल गेला की त्याला वर येता येत नाही. आवाज होत नाही, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. वापरून झाली की बादली रिकामी करून पालथी घाला, आणि बाथरूमला उंचावर कडी लावा. बाहेर काढल्यावर मुलाला पाय धरून उलटं लटकवणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, यांतलं काही करायचं नाही. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर पहिलं काम श्वास देण्याचं.

भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नाही. अंगावरचे कपडे, बांगड्या, वाळे सूज यायच्या आत काढायचे, कातडीला चिकटलेलं सोडून.

तापात आकडी आली तर आजूबाजूचे धावतात ते कांदा नाहीतर चप्पल घेऊन. त्यांच्यावर चिडू नकोस, जिवाच्या आकांताने करतात बिचारे. पण कांद्याने आकडी थांबत नाही, आणि दातांत चमचा घालून दात मात्र तुटतात. बाळाला जमिनीवर कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. आधी थांबली तरी पहिलीच वेळ असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

आणखी एक गोष्ट, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू सकाळी नऊला घराबाहेर पडतोस, सूनबाईची रजा फेब्रुवारीत संपेल. मग अकरा वाजता, जेवण भरवायच्या वेळी, बाळाजवळ कोण असेल? तुझी आई आणि सांभाळायला येणाऱ्या ताई. त्यांना वर्गात आणलं नाहीस तर तुम्ही दोघांनी शिकूनही त्या वेळी घरात शिकलेलं कुणीच नसेल. आई म्हणेल, मला या वयात काय जमणार. माझ्या वर्गात आज्या उत्तम करतात. पोरं हाताळलेली असतात, हात घाबरत नाही. सांभाळणाऱ्या ताईंचा त्या दिवसाचा पगार कापू नकोस, उलट रिक्षाचे पैसे दे.

येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या इथे बाहुल्या मांडलेल्या असतील. चौघंही या. बाळाला सूनबाईच्या आईकडे ठेवा, नाहीतर निम्मं लक्ष तिकडेच राहील. गुडघ्यांवर बसावं लागतं, तेव्हा सैल कपडे घाला. आईचे गुडघे दुखतात ना, मी तिच्यासाठी बाहुली टेबलावर ठेवीन. दर वर्षी एकदा उजळणीला यावं लागेल, तेही आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
सिस्टर मावशी