बायपास झाली, रिपोर्ट चांगले आले, मग अण्णा रडतात कशाला?

वडलांची बायपास झाली, डॉक्टर म्हणतात सगळं ओके आहे, पण ते बारक्या गोष्टीवरून चिडतात, एकटेच रडत बसतात, मॅडम ऑपरेशननं डोक्यावर परिणाम होतो का? हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात इतक्या घरांतून येतो की आता औसा तालुक्यातल्या एका अण्णांची गोष्टच सांगून टाकते. ओळख लागू नये म्हणून थोडंफार बदललंय.

अण्णा साठीच्या आसपासचे, सोयाबीन-तुरीचं रान, कुणाच्या ओंजळीनं पाणी न पिणारा माणूस. कार्तिकी एकादशी झाली आणि पुढच्या आठवड्यात लातूरला ऑपरेशन झालं. महिन्याभरानं मुलगा माझ्याकडं घेऊन आला तेव्हा छातीशी उशी कवटाळून बसले होते. खोकला आला की ती दाबून धरायची, कारण बायपासला छातीचं मधलं हाड कापून परत तारेनं बांधलेलं असतं आणि ते नीट जुळायला दोन-तीन महिने लागतात. पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली, त्यामुळं एका पायावर सूज. बोलत होता तो मुलगाच. "कामून रडायलेत काही कळंना मॅडम. पैशाचं टेन्शन नाही, योजनेतून झालं. घरात कुणी वाकडं बोलत नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही आम्ही त्यांना."

तांब्याचं ऐकून मला खटकलं होतं, पण त्या दिवशी मी पण शहाणपणाच केला. असं होतं ऑपरेशननंतर, पॉझिटिव्ह राहा, देवानं वाचवलं बघा वगैरे. अण्णा "व्हय मॅडम, बरुबर हाय" म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले.

पुढच्या वेळी मुलाला चहा प्यायला खाली पाठवलं आणि एवढंच विचारलं, आयसीयूतल्या रात्री कशा गेल्या अण्णा?

बराच वेळ उशीच्या अभ्र्याची शिवण नखानं उसवत राहिले. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ येऊन पायथ्याशी हुबा राहिला. त्याला जाऊन नऊ वर्सं झाली. म्हनला, चल. मी नळ्या उपटायलो म्हनून हात बांधले माझे." हे त्यांनी बायकोला पण सांगितलं नव्हतं. सांगावं तर येडा म्हणतील नाहीतर अंगावरून लिंबू उतरवायला नेतील. आणि मनातून खात्री की भाऊ अजून वाट बघायलाय, म्हणून रात्री डोळा लागला की दचकून उठायचे, झोप नाही म्हणून दिवसा चिडचिड, आणि घरचे समजायचे की यांचा स्वभाव बदलला.

याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर आयसीयूत बऱ्याच पेशंटना होतो, वय झालेल्यांना जास्तच. भुलीचं औषध, दुखण्याची औषधं, शरीराला बसलेला धक्का, त्यात चोवीस तास दिवे चालू, मशिनचे आवाज, दिवस का रात्र कळत नाही, मेंदू गोंधळतो आणि नसलेली माणसं दिसतात. बहुतेकांचं काही दिवसात निवळतं पण त्याची भीती मागं राहू शकते. हे सगळं मी सावकाश सांगितलं. "म्हंजे मी येडा न्हाई?" त्यांनी दोनदा विचारलं. नंतर उशीत तोंड घालून रडले, मी पाण्याचा ग्लास भरून त्यांच्या हाताला येईल असा ठेवला, उचलून दिला नाही.

पहिल्या काही आठवड्यांत उगीच रडू येणं, तोंडाला चव नसणं, झोप मोडणं, पेपर वाचताना लक्ष न लागणं हे बायपासनंतर पुष्कळांना होतं. डिस्चार्जच्या वेळी जखमेचं सांगतात, गोळ्यांचं सांगतात, मनाचं राहून जातं, हा माझा जुना राग आहे. आणि भेटायला येणारे! हातात बिस्किटचा पुडा आणि तोंडात, अमक्याच्या व्याह्याची पण हीच झालेली, सहा महिन्यात गेला. अशांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावा, पाप लागत नाही.

मग मुलाला वर बोलावून डिस्चार्ज कार्ड वाचायला लावलं. दोन-तीन किलोच्या वर उचलू नये, हातावर जोर देऊन उठू नये, हे त्याला पाठ होतं. त्याच्याच खाली लिहिलेलं, रोज चालणे, हळूहळू वाढवणे, ते कुणी वाचलंच नव्हतं. माणसाला ओसरीत भिताडाला टेकवून ठेवलेला, चाव्या थोरल्या सुनेकडं, सालगड्याचा फोन मुलाकडं. अण्णा म्हणाले, "रानात हरभरा पेरला का माती, मला काय पत्ता."

येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला रानात करायचा सण, तोंडावर आली होती. दरसाल आंबिलीनं भरलेलं मडकं, बिंदगं म्हणतात त्याला, डोक्यावर घेऊन रानात अण्णाच जायचे, यंदा त्यांना घरीच ठेवायचं ठरलेलं. मी म्हटलं सर्जनला विचारा. ते म्हणाले गाडीनं जाऊ द्या, उशी सोबत ठेवा, डोक्यावर ओझं नाही. मग बिंदगं नातवाच्या डोक्यावर, आणि कुठल्या बांधावरून कसं जायचं, कडब्याची कोप कुठं घालायची, सालगड्याला काय सांगायचं हे सगळं अण्णांकडं. आधी मुलगा नको म्हणत होता, आईनंच त्याला गप केलं.

आता ज्यांच्या घरी हे चालूय त्यांच्यासाठी. दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास, कशातच मन नाही, गोळ्या घ्यायला नको म्हणतात असं असेल तर थांबू नका, हार्टच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा, ते मानसोपचाराच्या डॉक्टरकडं पाठवतील. जगून काय करू असं बोलले तर दोन आठवडे मोजू नका, त्याच दिवशी दाखवा आणि एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मेडिकलवरून झोपेची गोळी मनानं आणू नका, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, मनाची काही औषधं त्यात मिसळली की रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप, टाक्यातून पू, हाडात कटकट आवाज, दम लागणं, हे मनाचं म्हणून माझ्याकडं आणू नका, सरळ दवाखाना गाठा.

येळवसच्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. अण्णांनी मिसळ भाज्यांची भज्जी दोनदा मागून घेतली, आणि कोपीपाशी बसून घरच्या सगळ्यांना भाऊ दिसल्याचं सांगितलं. त्यांची बायको म्हणाली म्हणे, मला आधी सांगायला काय झालतं. मागून अण्णांचा आवाज, "मॅडमला इचार, मोटरसायकल कधी."

ते सर्जनला विचारा म्हटलं.